दारात आलेलं गाणं

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की नागपूरची थंडी अंगात शिरते. रात्री साडेआठ-नऊलाच गल्लीतली दारं बंद होतात. चौकात पालापाचोळा पेटवून चार म्हातारे शेकत बसतात. अशा वेळी गल्लीच्या तोंडाशी गिटारची तार छेडली जाते, ढोलकीवर थाप पडते आणि वीस-पंचवीस पोरं-पोरी, त्यांच्यासोबत दोन-तीन पिकल्या केसांचे गृहस्थ आणि कापसाची दाढी लावलेला एक नाताळबाबा असा घोळका आत येतो. कुणीतरी ओरडतं, ‘‘कॅरोलवाले आले!’’ की बंद झालेली दारं पुन्हा उघडू लागतात.

गेली बारा-तेरा वर्षं ही मंडळी आमच्या गल्लीत येतात आणि माझ्या अंगणात उभी राहून गातात. मी मुसलमान. कविता मराठीत लिहितो. त्यामुळे दर डिसेंबरात मला दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘तुमच्याकडे कॅरोल कसे काय?’ आणि दुसरा, ‘कॅरोल मराठीत असतात का हो?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आज द्यावीत असा विचार आहे. कुणाला आपल्या अंगणात हा कार्यक्रम ठेवावासा वाटलाच तर काय करावं लागतं, तेही बोलण्याच्या ओघात येईल.

सुरुवात शेजारच्या घरापासून केली पाहिजे. आमच्या गल्लीत एकच ख्रिस्ती घर होतं. तिथे राहणाऱ्या बाई दवाखान्यात परिचारिका होत्या. त्यांचं नाव गल्लीतल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं, सगळे त्यांना ‘सिस्टर’च म्हणत. कुणाला इंजेक्शन द्यायचं असो, कुणाची जखम बांधायची असो, सिस्टर ड्यूटीवरून आल्या पावली यायच्या. पैसे विचारले तर म्हणायच्या, ‘‘सुई उकळायला गॅस तुमचाच होता ना, मग झालं.’’ माझे वडील अखेरचे चार महिने अंथरुणावर होते. त्यांची कूस बदलायची कशी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे आम्हा भावंडांना सिस्टरनीच शिकवलं.

कॅरोलवाले यायचे ते सिस्टरकडे. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून ते गाणं ऐकत आलो. त्यांच्या दाराला कामट्यांचा आणि पतंगाच्या तावाचा एक तारा टांगलेला असे, आत मिणमिणता दिवा. त्या ताऱ्याच्या उजेडात गाणं व्हायचं आणि आम्ही सगळी पोरं कुंपणावर बसून टॉफीची वाट पाहायचो.

मग सिस्टर निवृत्त झाल्या, गुडघे थकले आणि त्या लेकीकडे परगावी राहायला गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी तो तारा माझ्या बायकोच्या हातात दिला. ‘‘ठेव गं. माळ्यावर टाकलास तरी चालेल, पण भंगारात देऊ नको.’’ त्या वर्षी डिसेंबर आला आणि तसाच गेला. गाणं आलंच नाही. येणार तरी कशाला? ज्या घरासाठी यायचं त्याला कुलूप होतं. शेकोटीजवळचे एक काका मला म्हणाले, ‘‘काय जी, यंदा ते गाणेवाले येऊन नाही राहिले का?’’ तेव्हा जाणवलं की गाणं सिस्टरकडे येत असलं तरी ऐकत आख्खी गल्ली होती.

पुढच्या वर्षी मी पत्ता काढून गायकवृंदाच्या प्रमुखांना फोन केला. रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. नाव सांगितल्यावर पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, ‘‘तुमच्या घरी कॅरोल? जरूर येऊ. पण भाऊ, एक विचारू का? का बरं?’’ मी म्हटलं, ‘‘सिस्टरचा तारा आमच्याकडे आहे.’’ त्यांनी पुढे काही विचारलं नाही. तारीख आणि वेळ लिहून घेतली.

पहिल्या वर्षी मी यजमान म्हणून जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या. मंडपवाल्याकडून तीस खुर्च्या आणल्या. कॅरोलवाले बसत नाहीत, उभ्यानेच गातात. पाहुणे येणार म्हणून बिर्याणीचं भगोणं चढवलं. त्या रात्री त्यांना आणखी नऊ घरं करायची होती. गाणाऱ्याचं पोट भरलं की गळा बसतो, हे त्यांच्यातल्या एका मुलीनं हसत सांगितलं. गल्लीतल्या एका उत्साही पोरानं माइक आणि पेटी एवढा स्पीकर लावला होता. प्रमुखांनी तो पहिल्यांदा बंद करायला लावला. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावायला कायद्याने बंदी आहेच, पण त्यांचं कारण निराळं होतं. ते म्हणाले, ‘‘स्पीकर लावला की लोक घरातूनच ऐकतात. साधं गायलं की दारात येतात.’’

तेव्हापासून आमचा शिरस्ता ठरला आहे. दोन दिवस आधी गल्लीत प्रत्येक घरी जाऊन सांगायचं. कुणाकडे तान्हं मूल असतं, कुणी आजारी असतं, कुणाचा सकाळी पेपर असतो. त्यांना वेळ विचारून घ्यायची. खुर्च्या फक्त गल्लीतल्या वयस्करांसाठी. आल्याचा चहा कागदी कपांतून. खायला एका हातात मावेल असं काहीतरी: आमच्याकडे गुळाचे गुलगुले असतात, शेजारून पुडाच्या वड्या येतात. कोण काय खात नाही याची चौकशी आधीच केलेली असते, म्हणून ताटात अंडं आणि मांस नसतं. आंबिया बहाराची संत्री याच दिवसांत बाजारात असतात, त्यांची एक टोपली. आणि एका ताटलीत खजूर. तो का, ते पुढे सांगतो.

कार्यक्रम वीस-पंचवीस मिनिटांचा. आधी एक संथ गीत, मग दोन मराठी, एक हिंदी, तरुण मुलांच्या हौसेखातर एक इंग्रजी. मध्ये कुणीतरी बायबलमधला लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय थोडासा वाचतं. त्यात रात्री रानात मेंढरं राखणाऱ्या मेंढपाळांना येशूजन्माची बातमी पहिल्यांदा कळते. शेवटी छोटी प्रार्थना, नाताळबाबाच्या टॉफ्या आणि नाचरं असं एखादं गाणं. मग यजमान एक पाकीट देतो. गोरगरिबांच्या नाताळसाठी किंवा मंडळीच्या एखाद्या कामासाठी ते पैसे जातात. पाकीट नाही दिलं तरी गाणं तेवढंच होतं.

आता हे गाणं मुळात आलं कुठून? ‘कॅरोल’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ फेर धरून गायचं गाणं असा आहे. म्हणजे आपल्या भुलाबाईचंच भावंडं म्हणायचं. विदर्भात भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात, शेवटी डबा हलवून खाऊ ओळखायला लावतात. गाणारे दारात येतात, घरचे ऐकतात, काहीतरी गोडधोड हातावर ठेवतात. वासुदेव पहाटे येतो तो असाच. आमच्या लहानपणी रमजानमध्ये सहरीला उठवायला फकीर गात जायचे, तेही असंच. युरोपातल्या खेड्यांमध्येही हिवाळ्याच्या रात्री गरीब माणसं सुखवस्तूंच्या दारात जाऊन गात आणि त्यांना काही ऊनऊन प्यायला मिळे. दारातलं गाणं ही जगभरची चीज आहे.

१२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिसनं खरा बैल, खरं गाढव आणि गवताची गव्हाण मांडून येशूजन्माचा देखावा उभा केला. फ्रान्सिसच्या अनुयायी साधूंनी लॅटिन न कळणाऱ्या माणसांसाठी त्यांच्या बोलीतली गाणी पसरवली. आपल्याकडे त्याच शतकात महानुभावांनी आणि ज्ञानदेवांनी संस्कृत सोडून मराठी धरली, हे आठवलं की गंमत वाटते. पुढे इंग्लंडमध्ये प्युरिटन लोकांची सत्ता आली तेव्हा १६४७ साली त्यांच्या पार्लमेंटनं नाताळचा सणच बंद केला. १६६०मध्ये राजेशाही परतली आणि सणही परतला. मधली वर्षं गाणी लोकांच्या तोंडी राहिली.

‘सायलेंट नाइट’ हे गीत आज शेकडो भाषांत गातात. ते पहिल्यांदा गायलं गेलं २४ डिसेंबर १८१८ रोजी, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ नावाच्या लहानशा गावात. शब्द योसेफ मोर या दुय्यम धर्मगुरूचे, चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरची. मोठा वाद्यमेळ नव्हता, गिटार होती. आमच्या गल्लीत पोरं गिटार घेऊन येतात तेव्हा काही म्हातारे कुरकुरतात की हे काय सिनेमाचं वाद्य. त्यांना मी ही गोष्ट सांगतो. हेच गीत १९१४च्या नाताळात पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून जर्मन सैनिकांनी गायलं आणि समोरच्या खंदकांतल्या इंग्रज सैनिकांनी ऐकलं. काही ठिकाणी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी बंदुका गप्प राहिल्या. उलट पोरांचं सगळ्यात लाडकं ‘जिंगल बेल्स’. १८५७ साली अमेरिकेत ते छापलं गेलं, पण त्यात येशू नाही, मरिया नाही, नाताळाचा शब्दही नाही. बर्फावरच्या घोडागाडीचं गाणं ते. नागपूरच्या पोरांनी बर्फ पाहिला तो फक्त गोळ्याच्या गाडीवर; पण गातात झोकात.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. कॅरोल मराठीत असतात का? मुसलमान मराठीत कसा लिहितो, या प्रश्नाचाच हा सख्खा भाऊ आहे. कुठली भाषा कुठल्या धर्माच्या नावावर चढवायची याचा एक सातबारा लोकांच्या डोक्यात तयार असतो. प्रत्यक्षात शेत सगळ्यांनी मिळून कसलेलं असतं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्यानं ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. १६१६ साली ते छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. येशूचा जन्म मराठी ओवीत येऊन चारशे वर्षं उलटली. त्याच काळाच्या आसपास इकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद ‘योगसंग्राम’ लिहीत होते, तेही ओवीतच. एक ख्रिस्ती, एक मुसलमान आणि दोघांच्या हाती ज्ञानदेवांनी घडवलेलं छंदाचं भांडं.

नागपूरपुरतं बोलायचं तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव घ्यायलाच हवं. पारध्याच्या बाणानं घायाळ झालेल्या पक्षिणीची त्यांची कविता आपण शाळेत डोळे पुसत पाठ केली. १८९१च्या सुमारास टिळक नागपुरात होते, आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं आणि त्यानं त्यांना बायबलचा नवा करार दिला. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरावर जे आभाळ कोसळलं त्याची हकीकत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे, मराठी माणसानं ती एकदा तरी वाचावी. टिळकांनी मराठी ख्रिस्ती मंडळीला मोठी देणगी दिली ती भजनाची आणि कीर्तनाची. तोवर इंग्रजी चालींत अडखळत बसलेले शब्द अभंगाच्या वळणावर आले. मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक असतं, त्यात टिळकांची कितीतरी पदं आहेत. आमच्या अंगणात ढोलकी आणि झांजेवर जे रंगतं ते याच परंपरेतलं. शेकोटीवरचे आमचे काका भजनी मंडळात पखवाज वाजवतात. पहिल्याच वर्षी ते कानाला हात लावून म्हणाले, ‘‘बाप्पा! हा तर आपलाच ठेका हाय.’’

या शहराला ही गाणी नवी नाहीत. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली इथे आला तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. त्याच्या नावाचं कॉलेज १८८३पासून उभं आहे. तो आला होता सांगायला, पण ऐकूनही बरंच घेतलं. गोंडांची गाणी आणि लिंगोची कथा त्यानं टिपून ठेवली. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना तो पुरात बुडाला. त्याची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं, तेही याच नागपुरात. सहा घरांचे सहा रिवाज एका छपराखाली आणायला कित्येक वर्षांची बोलणी लागली होती. एकत्र येणं म्हणजे काय खटाटोप असतो, हे या शहराला माहीत आहे.

आता अवघड भाग. तारा आमच्या दाराला लागला तेव्हा एक बालमित्र आला. पाच वेळचा नमाजी, सरळ माणूस. वर पाहून म्हणाला, ‘‘मियाँ, ये क्या लटका रखा है?’’ मी सांगितलं. तो म्हणाला, ‘‘पाहुणचार ठीक आहे. पण ते लोक जे गातात ते तू मानतोस का?’’

प्रश्न रास्त होता. हजरत ईसा आमच्यासाठी थोर पैगंबर आहेत. पण ईश्वराला पुत्र असतो हे आम्ही मानत नाही, आणि ख्रिस्ती बांधवांच्या श्रद्धेचा तर तोच गाभा. हा फरक लहान नाही. चहाच्या कपात विरघळवून टाकावा असाही नाही. मी मित्राला खरं ते सांगितलं: मी ऐकतो. जे मानत नाही त्या ओळी म्हणत नाही. गायकवृंदाच्या प्रमुखांनाही मी पहिल्याच वर्षी हे सांगून टाकलं होतं. ते म्हणाले होते, ‘‘तुम्ही गायला लागलात तर ऐकणार कोण? गायला आम्ही पंचवीस जण आहोत.’’

मित्राचं समाधान माझ्या उत्तरानं झालं नाही. ते झालं माझ्या अम्मीमुळे. अम्मी आत पलंगावर होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं त्याला आत बोलावलं आणि हबशाच्या बादशहाची गोष्ट सांगितली. इस्लामच्या अगदी सुरुवातीच्या काळात, इ.स. ६१५च्या सुमारास, मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान समुद्र ओलांडून हबशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या भागात, गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती. मक्केवाल्यांनी मागोमाग माणसं पाठवली की आमचे पळपुटे परत द्या. राजानं विचारलं, तुमच्या ग्रंथात काय आहे ते ऐकवा. तेव्हा जाफर यांनी कुराणातला मरियमचा अध्याय म्हणून दाखवला. परंपरा सांगते की ऐकता ऐकता राजाच्या दाढीवरून आसवं ओघळली आणि त्यानं आश्रय कायम केला. अम्मी एवढंच म्हणाली, ‘‘उसने पहले सुना, बेटा. फिर दरवाज़ा खोला. हमारे पास तो दरवाज़ा ही है.’’ मित्र काही बोलला नाही. त्या रात्री तो कुंपणाबाहेर उभा होता. गुलगुले खाऊन गेला.

खजुराचं कारण हेच. कुराणात मरियमला प्रसूतीच्या कळा येतात तेव्हा ती माणसांपासून दूर, एका खजुरीच्या बुंध्याशी असते. तिथे तिला पायाशी झरा आणि वरून ताजा खजूर मिळतो. लूकच्या शुभवर्तमानात तिला धर्मशाळेत जागा मिळत नाही आणि बाळाला गव्हाणीत निजवावं लागतं. दोन ग्रंथांत तपशील वेगळे, पण दोन्हीकडे बाळ जन्मतं ते घराबाहेर. मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबरच्या नऊ रात्री लोक मरिया आणि योसेफ होऊन दारोदार गात जागा मागतात. आधी नकार मिळतो, शेवटी एक दार उघडतं आणि सगळे आत जातात. कॅरोल दारातच का गातात, हे मला त्या प्रथेविषयी वाचल्यावर उमगलं. ज्या कथेत दार बंद राहिलं, ती कथा सांगत ही पोरं दारोदार फिरतात. मग गाण्याची अर्धी बाजू गाणाऱ्यांकडे असते आणि अर्धी दार उघडणाऱ्याकडे. ती दुसरी अर्धी बाजू सांभाळायला माझी श्रद्धा कुठे आड येत नाही.

हे सगळं सुरळीतच चालत आलं असं म्हणणं खोटं होईल. एका वर्षी वातावरण तंग होतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रमुखांचा फोन आला. आवाज पडलेला. ‘‘भाऊ, यंदा मोठ्या रस्त्यावरचीच घरं करावीत असं पालकांचं म्हणणं आहे. मुली सोबत असतात. तुमच्या गल्लीवर अविश्वास नाही, पण...’’ तो ‘पण’ मला समजत होता. मी काय म्हणणार? कुणाच्या लेकराची हमी मी कशी देऊ?

शेकोटीवर मी हे सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पखवाजवाले काका म्हणाले, ‘‘पाव्हण्याला वेशीवरून आणाव लागते. आपण घरात बसून वाट पाहतो, हेच चुकते आपलं.’’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका, कोपऱ्यावरचे किराणावाले, माझा तो नमाजी मित्र, माझी बायको आणि शेजारच्या दोन वहिनी असे आम्ही मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. वहिनींनी मुलींच्या आयांशी काय बोलणं केलं ते मला माहीत नाही. हातात बॅटऱ्या होत्या. कॅरोलवाल्यांना मध्ये घेऊन आम्ही गल्लीत आणलं आणि कार्यक्रम झाल्यावर रस्त्यापर्यंत पोचवलं. त्या वर्षी पोरं अर्धीच होती, गाणी तीनच झाली. तेव्हापासून वेशीवरून आणण्याचा रिवाज मात्र पडून गेला. आता ताण नसला तरी आम्ही जातोच.

अम्मी आता नाही. तिच्या शेवटच्या डिसेंबरात ती उठू शकत नव्हती, म्हणून खाट खिडकीशी सरकवली होती. कार्यक्रमाच्या अखेरीस गायकवृंदातलं कुणीतरी नेहमी विचारतं, ‘‘प्रार्थनेत कुणाचं नाव घेऊ?’’ इतकी वर्षं मी म्हणायचो, सगळ्या गल्लीचं घ्या. त्या वर्षी मी अम्मीचं नाव सांगितलं. त्यांनी त्यांच्या रीतीनं प्रार्थना केली, मी मनात माझ्या रीतीनं दुआ केली. खिडकीतून अम्मीनं विचारलं, ‘‘सिस्टर का नाम लिया क्या?’’ नव्हतं घेतलं. पुन्हा हात जोडले गेले आणि सिस्टरचं नाव घेतलं. त्याच रात्री मी सिस्टरना फोन करून हे सांगितलं. त्यांना आता कमी ऐकू येतं. ‘‘तारा लावला होता ना?’’ एवढंच त्यांनी तीनदा विचारलं.

तेव्हा मंडळी, तुमच्या ओळखीच्या गायकवृंदाला बोलवायचं असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच विचारा, त्यांच्या तारखा लवकर भरतात. चहा कडक ठेवा, खुर्च्या कमी ठेवा, स्पीकर लावू नका. गल्लीत आधी सांगा. जे मानत नाही ते म्हणू नका, आणि जे गातात त्यांना अडवू नका. घरात कुणी आजारी असेल तर त्याची खाट खिडकीशी आणा.

आमच्या ताऱ्याच्या कामट्या अजून सिस्टरच्याच आहेत. कागद मात्र दर वर्षी फाटतो. संक्रांतीसाठी आमचे पतंगवाले डिसेंबरातच बसतात. त्यांच्याकडून पिवळा ताव आणायचा आणि खळीनं चिकटवायचा. यंदाचा ताव आणून ठेवला आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)